पनीरचं पाणी फवारलं तरी भुरी परत येते? आधी पान उलटून बघा

दिवाळी संपली की फोन सुरू होतात. तक्रार जवळपास सगळ्यांची एकच, भुरीची, म्हणजे पानांवर पांढरं पीठ धरणाऱ्या बुरशीची. “वहिनी, तुम्ही सांगितलं तसं पनीरचं पाणी मारलं. चार-पाच दिवस भुरी दबली. आठव्या दिवशी बघतो तर पानं पुन्हा पांढरी.” आणि त्याला जोडून, “म्हणजे यात काही दम नाही ना?”

दम आहे. संगमनेर तालुक्यात आमची दीड एकर वेलवर्गीय भाजी असते. मांडवावर दोडका आणि कारली, तारेवर काकडी. घरापासून तीन किलोमीटरवर पनीर करणारा एक छोटा कारखाना आहे. शंभर लिटर दुधाचं पनीर केलं की ऐंशी लिटरच्या आसपास हिरवट-पिवळं पाणी उरतं. त्याला निवळी म्हणतात, आमच्याकडे सरळ पनीरचं पाणी. हे पाणी आधी गटारात जायचं, आता त्यातले काही कॅन आमच्या शेतात येतात. सहा हंगाम मी ते भुरीसाठी वापरते आहे. पहिल्या दोन हंगामांत माझीही भुरी परत परत यायची. ती का यायची हे एकेक करून सापडत गेलं, तेच इथे लिहिते. तुमचं कारण यांपैकीच एखादं असण्याची शक्यता फार मोठी आहे.

रोग नक्की भुरीच आहे का?

सगळ्यात जास्त वेळा घोटाळा इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मागच्या सप्टेंबरात शेजारच्या वस्तीवरच्या एका दादांनी काकडी दाखवायला बोलावलं. निवळीच्या तीन फवारण्या झाल्या होत्या आणि रोग वाढतच होता. सकाळी सातला गेलो, पानांवर दव होतं. वरून पाहिलं तर पिवळे डाग, आणि त्या डागांना कोपरे. जणू कोणी पट्टी धरून शिरांच्या मधोमध चौकोन आखले आहेत. मी म्हटलं, “दादा, पान उलटं करा.” खाली प्रत्येक पिवळ्या चौकोनामागे करडी-जांभळट लव आलेली. तो केवडा नावाचा वेगळाच रोग होता, भुरी नव्हतीच. भुरी समजून केलेल्या तीनही फवारण्या वाया गेल्या, आणि त्या तीन आठवड्यांत अर्धा प्लॉट गेला.

भुरी पानाच्या वर बसते. पीठ शिंपडल्यासारखे गोल पांढरे ठिपके येतात. अंगठ्याने पुसलं तर पीठ अंगठ्याला लागतं आणि सुरुवातीच्या दिवसांत खालचं पान अजून हिरवंच दिसतं. ती देठावर आणि वेलीवरही येते, पानाच्या खालच्या बाजूलाही येते. केवडा मात्र पानाच्या आत राहतो आणि फक्त बीजाणू, म्हणजे रोग पसरवणारं धुळीसारखं बी, सोडायला खालच्या बाजूच्या छिद्रांतून बाहेर डोकावतो. अंगठ्याने पुसून पिवळा डाग जात नाही.

दोघांचं हवामानही वेगळं. केवड्याला ओलं पान हवं, म्हणून तो पावसात, धुक्यात आणि जड दवात फोफावतो. भुरीच्या बीजाणूला रुजायला पाण्याचा थेंब लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो. दिवसा कोरडं ऊन, रात्री गारवा आणि दाट पानोळा म्हणजे तिचे सुगीचे दिवस. आमच्याकडे दसऱ्यानंतर भुरी दिसू लागते ती याच कारणाने. तुषार सिंचनावर भुरी कमी आणि केवडा जास्त, ठिबकवर आणि शेडनेटमध्ये उलट, हेही त्यामुळेच.

आणखी दोन गोष्टींनी फसायला होतं. भोपळ्याच्या आणि झुकिनीच्या काही जातींच्या पानांवर शिरांच्या बेचक्यात उपजतच रुपेरी चट्टे असतात. ते पुसून जात नाहीत आणि वाढतही नाहीत. बोअरचं पाणी जड असेल तर फवारणी वाळल्यावर पानावर पांढरे क्षार दिसतात, तेही भुरी नव्हे. क्षाराचा डाग ओल्या बोटाने पुसला की खरखरीत लागतो, भुरी पिठासारखी मऊ असते.

केवडा निघाला तर निवळीचा कॅन बाजूला ठेवा. केवड्याचा जंतू तर खरी बुरशीसुद्धा नाही, त्याचं कुळच वेगळं. त्याच्यासाठी लेबलवर तुमचं पीक आणि केवडा हे दोन्ही छापलेलं औषधच घ्यावं लागेल, आणि तेही त्याच दिवशी. इथे हट्ट धरून प्लॉट घालवू नका.

हे पाणी भुरीवर काय करतं

एवढं समजलं की पुढच्या चुका आपोआप कळतात.

ब्राझीलमध्ये वाग्नर बेट्टिओल या शास्त्रज्ञाने हरितगृहातल्या झुकिनीवर गाईचं दूध पाण्यात मिसळून फवारलं आणि भुरी आटोक्यात आल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. आठवड्याला एक फवारणी आणि दुधाचं प्रमाण १० टक्के किंवा जास्त असेल तेव्हा परिणाम रासायनिक औषधाच्या तोडीचा मिळाला. २००८ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी झुकिनी आणि काकडीवर निवळीचेही प्रयोग प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या संशोधकांनी द्राक्षाच्या भुरीवर दूध आणि निवळी दोन्ही वापरून पाहिली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना भुरीचे धागे एका दिवसात चिपाडासारखे बसलेले दिसले. उजेडात निवळीमध्ये ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील कण तयार होतात, हेही त्यांना आढळलं.

हा उजेडाचा भाग लक्षात ठेवा. निवळीला जो हिरवट-पिवळा रंग असतो तो रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा. ऊन पडलं की हेच जीवनसत्त्व आजूबाजूच्या ऑक्सिजनला चेतवतं आणि तो ऑक्सिजन भुरीच्या नाजूक धाग्यांवर तुटून पडतो. भुरीचं सगळं अंग पानाच्या वर उघड्यावर असतं, फक्त खाण्यापुरती मुळी पानाच्या वरच्या थरात शिरलेली असते. म्हणून ती सापडते. केवडा पानाच्या आत असतो, तिथे हे पोचत नाही.

दुधात लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिनही असतं आणि तेही बुरशीला मारक आहे. पण पनीरसाठी दूध ९० अंशांपर्यंत तापवतात, त्या तापाला हे प्रथिन टिकत नाही. त्यामुळे पनीरच्या पाण्याची बरीचशी भिस्त उन्हावर आहे असं मी धरून चालते आणि फवारणीची वेळ त्याप्रमाणे ठरवते.

भुरी परत का येते

पहिलं कारण संध्याकाळची फवारणी. आपल्याला सवयच तशी लागली आहे. ऊन उतरलं की पंप खांद्यावर. बहुतेक औषधांना ते बरोबरही आहे. निवळीला नाही. मी सकाळी दव उडालं की, साधारण साडेआठ ते साडेदहा या वेळात, स्वच्छ ऊन असेल त्याच दिवशी फवारते. दिवसभर ढग असतील तर एक दिवस थांबते. संध्याकाळ सोडून सकाळ धरली त्या हंगामात मला जेवढा फरक दिसला तेवढा दुसऱ्या कुठल्याच बदलाने दिसला नाही.

दुसरं कारण पातळ द्रावण. “एक लिटर टाकलं पंपाला” असं सांगणारे बरेच भेटतात. १५ लिटरच्या पंपात एक लिटर म्हणजे सात टक्केही नाही. मी ३० टक्के धरते. १५ लिटरच्या पंपाला साडेचार लिटर निवळी, बाकी पाणी. मांडव पूर्ण भरलेला असताना एकराला २०० लिटर द्रावण लागतं, म्हणजे ६० लिटर निवळी. आधी पाच झाडांवर मारून दोन दिवस बघा. कोवळ्या शेंड्याच्या कडा करपल्या तर प्रमाण २० टक्क्यांवर आणा. चक्क्याचं पाणी पनीरच्या पाण्यापेक्षा जास्त आंबट असतं, त्यामुळे चाचणी न करता ते थेट वापरू नका.

तिसरं कारण अंतर. भुरीचा बीजाणू पानावर पडला की अनुकूल हवेत तीन ते सात दिवसांत नवे बीजाणू तयार होतात. निवळी पानाच्या आत शिरत नाही, वेलीत फिरत नाही. आज जे पान भिजलं तेवढंच वाचलं. परवा उमललेल्या पानाला तिचा काही उपयोग नाही. आणि आमच्या दोडक्याला ऐन वाढीत दर दोन-तीन दिवसांनी नवं पान येतं. म्हणून फवारणी सात दिवसांनी, आणि ठिपके दिसू लागले असतील तर चार-पाच दिवसांनी. “पंधरा दिवसांनी एक” हे वेळापत्रक निवळीला चालत नाही. आठव्या दिवशी परत आलेली भुरी बहुतेक वेळा याच फटीतून आलेली असते.

चौथं कारण खालची बाजू आणि आतली पानं. मांडवाखाली उभं राहून वर बघा. जमिनीलगतची, सावलीतली जुनी पानं आधी पांढरी होतात. आपण फवारतो ती मात्र बाहेरची, नजरेसमोरची. नोझल खालून वर धरून एक फेरी, वरून एक फेरी. त्याआधी खालची पांढरी पानं खुडून गोणीत भरा. ती हातात धरून प्लॉटभर हिंडू नका. प्रत्येक पावलाला बीजाणू उडतात, उन्हाच्या तिरपीत पाहिलं तर तो धुरळा डोळ्यांना दिसतो. मी खुडणी भल्या सकाळी, पानं दवाने ओली असताना करते. तेव्हा पीठ कमी उडतं.

पाचवं, शिळं पाणी. पनीरच्या पाण्यात पाच टक्क्यांच्या आसपास दुधातली साखर असते. उन्हात कॅन ठेवला तर संध्याकाळपर्यंत ते आंबतं, दुसऱ्या दिवशी झाकण उघडताना फस्सकन आवाज येतो. मी आणल्या दिवशीच संपवते. पाणी सकाळी लवकर आणायचं आणि साडेआठला फवारायचं. नुसता ताकासारखा वास असेल तर एक वेळ चालेल, कुजका वास आला तर ते शेणखताच्या खड्ड्यात. आणि मीठ घातलेल्या चीजचं पाणी कधीच घेऊ नका, त्याने पानं करपतात आणि माती खारावते. पाणी घेताना कारखान्यात एवढं एक विचारायलाच हवं.

सहावं, मिसळण. निवळीत पनीरचे बारीक कण आणि थोडी चरबी असते. मलमलच्या कापडातून दोनदा गाळली नाही तर नोझल तुंबतं, फवारा फुटतो आणि निम्मं पान कोरडं राहतं. चिकटपणासाठी साबण घालणारे बरेच आहेत. तो घालू नका. आंबट पाण्यात साबण फुटतो, वर चिकट साय धरते आणि तुम्हाला वाटतं निवळीच नासली. गरज वाटली तर साधं स्टिकर लेबलवरच्या मात्रेत वापरा. तांब्याची औषधं किंवा चुना एकाच पंपात मिसळू नका, प्रथिनं साकळतात.

शेवटचं कारण शेताबाहेरचं. भुरी जिवंत हिरव्या पानावरच जगते. मग दोन पिकांच्या मधल्या काळात ती असते कुठे? बांधावर आपोआप उगवलेल्या भोपळ्याच्या वेलावर, शेंदाडावर, उकिरड्याशेजारच्या दोडक्यावर. माझ्या तिसऱ्या हंगामात विहिरीच्या कठड्यामागे असा एक वेल सापडला, पांढराफटक. तो उपटल्यावर त्या बाजूच्या ओळींना भुरी तीन आठवडे उशिरा लागली. युरियाचा हात सैल असेल तर तोही आवरा. लुसलुशीत पान भुरीला फार आवडतं.

फरक पडतोय हे कसं ओळखायचं

एकदा पांढरं होऊन पिवळं पडलेलं पान परत हिरवं होत नाही, कुठल्याच औषधाने होत नाही. तेच पान रोज बघत राहिलात तर निराशाच होईल. मी फवारणीच्या दिवशी दहा वेलींवर सगळ्यात वरच्या पूर्ण उघडलेल्या पानाच्या देठाला लाल लोकरीचा धागा बांधते. आठवड्याने धाग्याच्या वरची पानं मोजायची. किती स्वच्छ, किती ठिपक्यांची. धाग्याच्या खालचं सोडून द्यायचं.

आणि दोन ओळी नुसत्या पाण्याने फवारा. जीवावर येतं, मला ठाऊक आहे. पण त्या दोन ओळी नसतील तर भुरी निवळीने थांबली की हवा बदलल्याने, हे कधीच कळत नाही. एका वर्षी जोरदार अवकाळी पाऊस झाला आणि सगळ्यांची भुरी धुऊन निघाली. ज्याने त्याने आपापल्या घरगुती औषधाला श्रेय दिलं. माझ्या पाण्याच्या ओळीही तेवढ्याच स्वच्छ होत्या.

पानं आधीच पांढरी झाली असतील तर

निवळी रोग यायच्या आधी किंवा पहिले ठिपके दिसताच वापरायची गोष्ट आहे. तिसरा हिस्सा पानं पांढरी झाल्यावर ती सुरू केलीत तर ती हरणार. अशा वेळी मी आधी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात फवारते, पाच-सहा दिवस थांबते आणि मग निवळीवर येते. गंधक ३२ अंशांच्या वर तापमान असताना मारू नका. निंबोळी तेल मारून दोन आठवडे झाले नसतील तरी नको, पानं भाजतात. खरबुजाच्या काही जातींना गंधक मुळीच सोसत नाही, तिथे आधी दोन-चार पानांवर बघा.

गंधक वापरलं म्हणजे आपण हरलो असं मानणारे काही जण भेटतात. मला ते पटत नाही. दहा फवारण्यांतल्या आठ निवळीच्या झाल्या तर खर्च वाचला, औषधाचा अंश कमी झाला आणि गंधकही जपून वापरलं गेलं.

काळी पानं, मुंग्या आणि काढणी

३० टक्क्यांच्या वर गेलात तर पानावर काळपट काजळी दिसू शकते. उरलेल्या साखरेवर आणि प्रथिनांवर साध्या बुरश्या वाढतात. त्या पानात शिरत नाहीत, प्रमाण कमी केलं की थांबतात. पण काजळी आणि पान चिकट, दोन्ही एकदम दिसलं तर आधी मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, शोधा. मुंग्या येतात, विशेषतः वेलीच्या बुडाशी निवळी ओघळली तर. म्हणून पान भिजेल एवढंच, ठिबकेल एवढं नाही.

काकडी आपण कच्ची खातो. त्यामुळे आधी तोडा, मग फवारणी, आणि पुढचा तोडा किमान दोन दिवसांनी. माल धुऊनच क्रेटमध्ये. दुधाची ॲलर्जी असणारी माणसं असतात, त्यांचाही विचार करायला हवा.

द्राक्षवाले विचारतात. मणी धरल्यानंतर खायच्या द्राक्षावर मी निवळी सुचवणार नाही. मण्यावरचा पांढरा मेणचट थर बिघडतो, डाग राहतात आणि तो माल बाजारात मागे पडतो. छाटणीनंतरच्या कोवळ्या पानांवर, एखाद्या ओळीत करून बघायला हरकत नाही.

उरलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. निवळीचा बीओडी, म्हणजे कुजताना लागणाऱ्या प्राणवायूचं माप, लिटरला ३० ते ५० हजार मिलिग्रॅम असतो. म्हणजे ती कुजताना पाण्यातला सगळा प्राणवायू ओढून घेते आणि मासे मरतात. खताच्या खड्ड्यात, पसरून, थोडी थोडी.

रोपं मरतात तेव्हा: पेंडीचा वेगळा हिशेब

दुसरी नेहमीची तक्रार रोपवाटिकेतल्या मरीची, म्हणजे मातीतल्या रोगाने रोपं मरण्याची. “मोहरीची पेंड टाकली, उलट मर वाढली.” हेही खरं आहे आणि याचंही कारण सापडतं.

लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जो झणका चढतो, तोच मातीतल्या बुरशीला मारतो. कोरड्या मोहरीला वास नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि तो तिखट वायू तयार होतो. ऑस्ट्रेलियातल्या किर्कगार्ड या शास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात याला जैवधुरीकरण या अर्थाचं नाव दिलं. गोम अशी की हे विकर तापाने मरतं. मोठ्या गिरणीत तेल काढताना बियांना वाफ देतात, पेंड तापते. अशी पेंड मातीत गेली की नुसतं खत. आणि ताजं, न कुजलेलं खत ओल्या वाफ्यात पडलं की मरीच्या जंतूला आयतं जेवण मिळतं. मर वाढली ती अशी.

म्हणून विकत घेण्याआधी एक चमचा पेंड वाटीत घ्या, कोमट पाणी घाला, उकळतं नको. झाकण ठेवून दहा मिनिटांनी उघडा आणि वास घ्या. डोळ्यांत पाणी आलं तर पेंड जिवंत. नुसता तेलकट वास आला तर ती जनावरांच्या कामाची. लाकडी घाण्याची पेंड या परीक्षेत बहुधा उतरते.

जिवंत पेंड चौरस मीटरला २०० ग्रॅम, बारीक करून वरच्या १५ सेंटिमीटर मातीत मिसळायची आणि लगेच, त्याच तासात पाणी देऊन प्लास्टिकने कडा मातीत दाबून झाकायचं. वायू उडून गेला तर काही उरत नाही. दहा दिवसांनी उघडायचं, माती हलवायची आणि आणखी दहा-बारा दिवस मोकळी ठेवायची. घाईने पेरलं तर त्याच वायूने आपलं बी मरतं. खात्री करायला कोपऱ्यात मेथीचे वीस-पंचवीस दाणे टाका. ते नीट उगवले की मग तुमचं बी. शेणखतात वाढवलेला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, त्यानंतर द्या, आधी नाही. संपूर्ण एकराला हे परवडत नाही. मी रोपवाटिकेला आणि दरवर्षी मर लागते त्या पट्ट्यालाच करते, बाकी रानात निंबोळी पेंड.

मोठं झाड मरत असेल तर मात्र पेंडीकडे जायच्या आधी खोड कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन कापलेलं टोक त्यात लटकवा आणि पेला हलवू नका. पाच-दहा मिनिटांत टोकातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर ती जिवाणूची मर आहे, बुरशीची नव्हे. तिच्यावर बुरशीचा कुठलाच उपाय चालत नाही. झाड मुळासकट काढा, ती जागा काही हंगाम टोमॅटो, वांगी, मिरचीसाठी वापरू नका.

बाकीचा टाकाऊ माल

डाळिंबाच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर आणि काढलेल्या फळांवरच्या बुरशीवर तिचा अर्क प्रयोगशाळेत चांगला चालतो. शेतातल्या उभ्या पिकावर मला भरवसा देता येईल इतका अनुभव नाही. उकळणार असाल तर स्टीलच्या भांड्यात. लोखंडी कढईत टॅनिन आणि लोह मिळून पाणी शाईसारखं काळं होतं, मग पानावर डाग.

तंबाखूचा भुगा नको. तो बुरशीवर चालत नाही, फवारणाऱ्याच्या कातडीतून निकोटिन अंगात जातं, आणि टोमॅटो-मिरचीला त्यातून मोझॅकचा विषाणू लागू शकतो. कोकणातून काजूच्या टरफलाच्या तेलाबद्दल विचारणा होते. ते हाताची कातडी सोलतं, पानाचं काय होईल ते सांगायला नको. आणि कांद्याच्या चाळीतला सडका माल कुठल्याही अर्कासाठी घेऊ नका, आपण औषध म्हणून रोगच उचलून आणतो.

मला विचारायचं असेल तर पानाचे दोन फोटो पाठवा. एक वरून, एक उलटं करून, दोन्ही सकाळी आठच्या आत, पान पुसायच्या आधी. सोबत फवारणीची वेळ लिहा, पंपाला किती लिटर निवळी घातली ते लिहा, आणि ती कशाची, पनीरची की चक्क्याची. एवढं हातात असलं की उत्तर बहुतेक वेळा त्याच दिवशी देता येतं.